मंदूबाची मतमोजणी

भावाचा सूड घ्यायला कोणी कोयता उचलतो, कोणी कोर्टाची पायरी चढतो. शंकर मेस्त्रीनं मतपेटी उचलली. सुतारानं दुसरं उचलायचं तरी काय?

कुवेतमध्ये सुतारकाम करून त्याला एकोणीस वर्षं झाली होती. हवल्लीतल्या एका जुन्या इमारतीत, आठ जणांच्या खोलीत त्याची खाट होती. वरच्या खाटेवर वर्षभरापूर्वीपर्यंत त्याचा धाकटा भाऊ अक्षय झोपायचा. अक्षय गेल्यावर शंकर स्वतःच वर झोपायला लागला, आणि लोक पाठ टेकताना देवाचं नाव घेतात तसं तो दत्तप्रसादाचं नाव घ्यायचा. नावाला जोडून जे यायचं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हा दत्तप्रसाद परुळेकर म्हणजे कंपनीचा मंदूब, सरकारी कचेऱ्यांतून फिरणारा कागदांचा माणूस. कोणाचा अकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवा करायचा, कोणाचा रद्द करायचा, कोणाच्या नावापुढं काय नोंदवायचं, सगळं त्याच्या एका काळ्या पिशवीत असायचं. त्याआधी दहा वर्षं तो कंपनीचा स्टोअरकीपर होता आणि खिडकीतून खिळेसुद्धा मोजून द्यायचा. गावाकडून आलेला प्रत्येक सुतार, वेल्डर, वायरमन आधी त्या खिडकीसमोर उभा राहिलेला. पुढं खिडकी गेली, टेबल आलं, टेबलावर काच आली, पण त्याच्यासमोर उभं राहणं काही कोणाचं सुटलं नाही.

वर तो सातेरी मित्र मंडळाचा अध्यक्ष होता, तेही चौदा वर्षं. पाच गावांतले अठ्ठावन्न गडी, जवळपास सगळे याच कंपनीचे, असं ते मंडळ. थंडीतल्या एका शुक्रवारी वाळवंटात तंबू ठोकून सगळे जमायचे, कोंबड्या भाजायचे, दशावतारातली सोंगं काढून हसायचे आणि अध्यक्ष निवडायचे. निवडायचे म्हणजे काय, तर दत्तप्रसाद नारळ हातात धरून सातेरीला गाऱ्हाणं घालायचा.

"बा देवा म्हाराजा, आई सातेरी! ही तुझी लेकरा परमुलखात पोटासाठी इली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी तोंडं एका सुरात.

"तेंच्या कामाक, तेंच्या कागदाक खय आडकाठी येव नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्याय वर्सा तेंची सेवा ह्या दत्तप्रसादाच्याच हातसून घडान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झाली निवडणूक. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची रीतच नाही. बायकापोरांच्या सुखासाठी हात जोडलेले असताना त्याच दमात आलेल्या तिसऱ्या वाक्याला मोडता कोण घालणार? दत्तप्रसादाला हे पक्कं ठाऊक होतं. चोर बरेच असतात, पण हा देवळात उभं राहून चोरणारा.

मागच्या वर्षी मात्र तिसऱ्या वाक्यावर एक आवाज वेगळा निघाला. "नाय म्हाराजा!" सव्वीस वर्षांचा अक्षय, एसीचे डक्ट बसवणारा. दोघं-चौघं फिसकन हसले. अक्षयला वाटलं, लोक आपल्या बाजूचे आहेत. तो म्हणाला, "दादा, मतदान घेवया ना. गावात पंचायतीक घेतत तसा. तुमीच येतल्यात निवडान, पण घेवया तरी."

आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शंकरनं काय करावं? भावाचा आवाज झाकायला त्यानं एकट्यानंच पुन्हा एकदा, घसा फाटेस्तोवर ओरडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" दत्तप्रसाद हसला, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा अक्षयच्याच हातावर ठेवला.

नवव्या दिवशी अक्षयच्या नावावर तगयुब पडली. म्हणजे हा कामगार मालकाकडून पळून गेला आहे, अशी नोंद. पळून गेलेला हा कामगार त्या दिवशी कंपनीच्याच साइटवर, कंपनीच्याच शिडीवर उभा होता. पुढच्या शुक्रवारी रस्त्यावरच्या तपासणीत पोलिसानं त्याचं कार्ड बघितलं आणि त्याला गाडीत बसवलं. अकरा दिवस कोठडीत, मग बोटांचे ठसे, मग विमान. पुन्हा या देशात पाऊल ठेवायचं नाही. शंकर रोज दत्तप्रसादाच्या टेबलासमोर उभा राहिला आणि दत्तप्रसाद रोज म्हणाला, "अरे, सिस्टीमची चूक ती. माका काय कमी वायट वाटता?"

गावी अक्षयचं ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं. हद्दपार होऊन आलेल्याला मुलगी कोण देतो? आता तो दिवसभर ओसरीवर पडून असायचा आणि शंकरशी एक अक्षर बोलायचा नाही. आई फोन त्याच्या कानाला लावायची, तो उठून जायचा. त्यानं एकदाच निरोप पाठवला होता. "तेका सांग, तेचाच व्हय सगळ्यात मोठा होता."

हे वाक्य शंकरच्या छातीत वर्षभर कुसळासारखं रुतून होतं. दत्तप्रसादाचा जीव त्याला नको होता, त्याची नोकरी नको होती. त्याला एवढंच हवं होतं की त्या माणसानं एकदा, सगळ्यांसमोर, सगळ्यांचं 'नको' ऐकावं. चौदा वर्षं जे कान होकारावर पोसले त्यांत नकाराचं शिसं ओतायचं. पण कसं, ते त्याला सुचत नव्हतं.

ते सुचलं शहराच्या सलवा भागात. कंपनीनं त्याला तिकडे एका संस्थेच्या कामावर पाठवलं होतं. ही संस्था परदेशातल्या लोकांना निवडणुका घ्यायला शिकवायची. एका देशात चाळीस वर्षांची राजवट कोसळली होती. देशाचं नाव घेऊन काय करायचंय, पडलेल्या राजवटी सगळीकडे सारख्याच दिसतात. तिथं आता गल्लोगल्ली पंचायती निवडायच्या होत्या, आणि खरी निवडणूक कशी असते ते बघितलेला माणूस शोधून सापडत नव्हता. म्हणून तिथले शिक्षक, दुकानदार, नर्सबाया पंधरा-पंधरा दिवसांसाठी इथं यायच्या आणि मत द्यायचं कसं, मोजायचं कसं, हरलेल्याला घरी सुखरूप जाऊ द्यायचं कसं, ते शिकायच्या. शंकरनं त्यांच्यासाठी मतपेट्या केल्या आणि मत देताना उभं राहायचे लाकडी आडोसे केले.

सगळी व्यवस्था कुबरा बघायची. तिचे आईबाप रत्नागिरीकडचे, पण ती वाढली कुवेतमध्येच. राहायला एगैल्यात, गाडी स्वतः चालवायची, अरबी फाडफाड, आणि शंकर दिसला की मराठी बोलायची हौस भागवून घ्यायची.

"शंकरभाऊ, इथं एक भोक पाडा," आडोशाच्या फळीवर बोट ठेवून ती एकदा म्हणाली. "पेन दोरीनं बांधायचंय. एकच पेन, सगळ्यांना तेच."

"कित्याक? पेनसुद्धा चोरतत काय लोक?"

"पेन नाही चोरत," असं म्हणून ती पुढचं सांगणार तेवढ्यात तिला हाक आली आणि ती गेली. शंकरनं भोक पाडलं. चोरांचीच भीती असणार, असं त्यानं धरून चाललं.

त्या दिवशी सरावाचं मतदान होतं. त्या देशातला एक म्हातारा, निवृत्त पोस्टमन, कागद घेऊन आडोशामागं गेला तो बाहेरच येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शंकर दारापाशी एका फळीला कानस घासत उभा होता. कुबरा हळूच म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कागदासोबत एकटा आहे तो. आजवर मागं कोणीतरी उभं असायचंच." म्हातारा बाहेर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या दाढीतून पाणी ओघळत होतं. वर्गातल्या दोन बायका रडल्या. कुबराचेही डोळे भरले.

शंकरला रडूबिडू आलं नाही. त्याला दिसलं ते हत्यार. आडोशामागं माणूस एकटा असतो. तिथं मंदूब नसतो, सातेरी नसते, शेजारी घसा फाडून ओरडणारा भाऊ नसतो. आपले अठ्ठावन्न गडी एकेक करून या फळीमागं गेले तर काय करतील?

दत्तप्रसादाला पटवायला फारसे कष्ट पडले नाहीत. फुगलेल्या फुग्यात आणखी हवा भरायला कसब लागत नाही. शहरातल्या एका मोठ्या मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी त्याला टोमणा मारला होता की तुमच्यात निवडणूक होतेच कुठे, तुम्ही तर संस्थानिक. तो टोमणा त्याला झोंबत होता, आणि शंकरला ते माहीत होतं.

"दादा, औंदा गुप्त मतदान घेवया," शंकर म्हणाला. "पेटी, आडोसो, सगळा मी आणतंय. अठ्ठावन्नातली अठ्ठावन्न पडली, काय त्या लोकांच्या तोंडार फोटो मारा."

दत्तप्रसादानं काचेवर बोटं वाजवली. "तुझ्या भावाचा काय मनात नाय मां धरलंस?"

"सिस्टीमची चूक ती, दादा."

दत्तप्रसाद खूश झाला. समोर दुसरा उमेदवार उभा राहायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा कागदावर एकच नाव आणि खाली दोन चौकोन, हवा आणि नको, असं ठरलं. छापायला देण्याआधी त्यानं त्यात दोन दुरुस्त्या केल्या. एक म्हणजे वर आपला कोटातला फोटो घातला. दुसरी म्हणजे हवा-नको खोडून हवे-नकोत केलं. अध्यक्षांना नाकारायचं तर निदान आदरानं नाकारा, असा त्याचा हिशेब असावा.

शंकरनं शेवटी मध लावून एक अट पुढं सरकवली. "आणि मोजणी तुमीच करूची. एकेक कागद वर धरूचो आणि तुमच्याच तोंडान मोठ्यान वाचूचो. म्हणजे मागसून कोणाक शंका नको."

"मीच वाचतलंय! दुसरो कोण वाचतलो?" दत्तप्रसाद म्हणाला. शंकरनं मान खाली घातली, कारण त्याला हसू आवरत नव्हतं.

कुबराकडं त्यानं एक पेटी आणि एक आडोसा दोन दिवसांसाठी मागितला. तिला कोण आनंद! "तुमच्या मंडळात मतदान? शंकरभाऊ, आम्ही वर्षभर पोवाडे गातो ते तुम्ही करून दाखवताय!" तिनं पेन आणि दोरीची पुडीसुद्धा हातावर ठेवली. शंकरला वाटलं, आपले गडी गरीब असतील, पण पेनचोर नाहीत. प्रत्येकाच्या खिशाला लिहायला काहीतरी असतंच. पुडी त्यानं तिथंच गवंडीकामाच्या बादलीत टाकली. तिच्या आनंदानं त्याला क्षणभर ओशाळल्यासारखं झालं, कारण तिला वाटत होतं तसलं काही त्याच्या मनात नव्हतं. त्याच्या मनात फक्त एक तोंड होतं आणि त्या तोंडातून निघणारा एक शब्द.

जानेवारीतल्या शुक्रवारी दुपारी तंबू पडला. हवा गार, ऊन मऊ. अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात कोळसे धगधगत होते आणि वर कोंबड्या. तंबूच्या कोपऱ्यात आडोसा, शेजारी स्टुलावर पेटी. गाऱ्हाणं झालं, पण या वेळी दोनच वाक्यांचं. मग नावं पुकारली गेली आणि एकेक जण कागद घेऊन आत जाऊ लागला.

शंकर पेटीशी उभा राहून बघत होता. पहिले दोघं-तिघं आत गेले नि लगेच आले. चौथा थोडा रेंगाळला. गुरुप्रसाद वेल्डर, पन्नाशी उलटलेला, दत्तप्रसादापुढं चप्पल काढून उभा राहणारा, आत गेला आणि त्या पोस्टमनसारखाच बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्यानं शंकरकडं बघितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. शंकरला मनातल्या मनात अक्षयला हाक मारावीशी वाटली, की बघ रे, बघ, आता ऐक.

मोजणीला दत्तप्रसाद खुर्चीवर बसला. समोर जेवणाचा मोठा ट्रे. कुलूप निघालं. त्यानं पहिला कागद वर धरला आणि भटजीच्या आवाजात वाचलं, "हवे!" टाळ्या झाल्या. दुसरा, "हवे!" पुन्हा टाळ्या. तिसरा उघडला आणि त्याचा आवाज अडखळला.

"नकोत."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. दत्तप्रसाद हसला. "कोणतरी चुकलो मेलो. चौकोन दिसाक नाय वाटता." पुढचा कागद. "नकोत." पुढचा. "नकोत."

शंकरला हे आयुष्यभर पुरलं असतं. चौदा वर्षं हाच माणूस गाऱ्हाणं घालत होता आणि लोक होकार भरत होते. आता तो स्वतःच्या फोटोवर नजर ठेवून, स्वतःच्या तोंडानं, स्वतःलाच आदरानं नकोत म्हणत होता. दहाव्या कागदाला त्याच्या कपाळावर घाम होता. बाराव्याला त्यानं पाणी मागितलं. भर, शंकर मनात म्हणत होता, भर पोट, अजून बरेच आहेत.

पंधराव्या कागदाला दत्तप्रसाद थांबला. त्यानं तो कागद डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग मान वर करून तो थेट सुतारांच्या टोळक्याकडं बघत राहिला. "नकोत," तो हळू म्हणाला, आणि तो कागद त्यानं बाकीच्यांवर न ठेवता ट्रेच्या एका कोपऱ्यात वेगळा ठेवला. त्याच्या पुढचा दुसऱ्या कोपऱ्यात. मग त्यानं आधी वाचलेले कागदही पुन्हा हातात घेतले आणि पत्ते लावावेत तसे वेगवेगळे लावले. त्याचा घाम सुकला होता. आवाजही परत आला होता. आता तो प्रत्येक 'नकोत' चवीनं वाचत होता आणि वाचून झाल्यावर कोणाकडं तरी बघून मान हलवत होता.

शंकरला आधी कळेना. मग त्यानं ट्रेकडं नीट बघितलं.

एका कोपऱ्यात जाड, लाल, चपट्या रेघा. ती सुतारांची पेन्सिल. दुसऱ्या कोपऱ्यात हिरव्या खुणा, टाइल लावणाऱ्यांच्या. काळा मार्कर वायरमनांचा. आणि एक कागद अगदी एकटा, त्यावर पिवळी, अजून चिकट दिसणारी फुली. लोखंडावर खूण करायचा पिवळा मार्कर कंपनीत दोनच माणसांकडं होता, आणि त्यातला एक मंडळातला नव्हताच. दुसरा गुरुप्रसाद. प्रत्येकानं आपापल्या खिशातलं काढलं होतं. आणि हे सगळं दहा वर्षं खिडकीतून ज्यानं मोजून दिलं तोच माणूस आता कागद वाचत होता. त्याला हे कागद वाचायला सांगितलं कोणी? शंकर मेस्त्रीनं. मध लावून.

एकाच पेनाची दोरी कशासाठी होती ते शंकरला आत्ता कळलं. नवव्या दिवशी काय होतं ते त्याला ठाऊक होतं. एक तगयुब नाही, तेवीस. बत्तीस कागद वाचून झाले होते. नऊ हवे, तेवीस नकोत, त्यानं बोटांवर मोजले होते. अजून सव्वीस पेटीत होते. गुरुप्रसादाचं तोंड राखेसारखं झालं होतं. त्याच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं.

सूड तोंडाशी आला होता. आणखी पंधरा मिनिटं गप्प उभं राहिलं असतं तर निकाल लागला असता, दत्तप्रसाद सगळ्यांदेखत पडला असता. आणि दत्तप्रसाद पडूनही मंदूबच राहिला असता.

शंकर पुढं झाला. त्यानं ट्रे उचलला, काखेत पेटी मारली आणि पिंपाशी जाऊन दोन्ही कोळशांवर उपडी केली. फोटोतला कोट आधी पेटला. वाचलेले, न वाचलेले, सगळे कागद एका भडक्यात गेले.

"ह्या काय केलंस?" दत्तप्रसाद खुर्ची पाडून उठला.

"नकोत सगळी माझी होती," शंकर म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. "काल बसान लिवलंय. माझ्या पेटाऱ्यात सगळ्यांच्या पेन्सिली असतत. आदीच आत घातलेलंय. तुमी वळखलास, म्हणान जाळलंय."

दत्तप्रसादानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "खरा ह्या? कोणी कोणी नकोत लिवल्यानी? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. जावा असं शंकरला वाटत नव्हतं, आणि तरीही तेवीस माणसांतला एकही हात वर जात नाही, या गोष्टीनं त्याचं काळीज करपलं. मग गुरुप्रसाद उठला. चालत शंकरसमोर आला आणि त्यानं सगळी ताकद लावून शंकरच्या थोबाडीत मारली.

"दादांचो खाऊन दादांचोच घात करतंस?" तो ओरडला. "आमी सगळ्यांनी हवे लिवलेला! सगळ्यांनी!"

"सगळ्यांनी!" मागून आवाज उठले. शंकरच्या ओठातून रक्त आलं. गुरुप्रसादाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते दत्तप्रसादाकडं पाठ असल्यामुळं फक्त शंकरला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तप्रसादानं त्याला टेबलासमोर बोलावलं. खोलीत दोघंच होते. काचेवर शंकरची फाइल होती आणि तिच्या बाजूला आणखी तीन-चार. सगळ्यात वरची गुरुप्रसादाची. शंकर समोर उभा राहिला. त्याला वाटलं होतं समोर जिंकलेला माणूस असेल. पण दत्तप्रसादाचे डोळे लाल होते, दाढी वाढली होती. तीन दिवस झोप नसलेला माणूस दिसतो तसा तो दिसत होता.

"दार लाव," तो म्हणाला. "आता तू चललंसच. तुका कसली भीती नाय. देवाशप्पत खरा सांग. तेंतली खरी किती होती?"

शंकर दार लावून परत टेबलासमोर आला.

"मी काय वायट केलंय तेंचा? अकामे केलंय, मयती गावाक पाठवलंय, दिवाळीत फराळ वाटलंय. माका नुसतो आकडो सांग." तो टेबलावरून पुढं झुकला. "सांगलंस तर तुझ्या भावाचाय बघतंय काय करूक येता ता."

तेवीस. शंकरच्या जिभेवर आकडा तयार होता. बत्तिसातले तेवीस. हा एक शब्द बोलला की हा माणूस मरेपर्यंत नीट झोपणार नव्हता. प्रत्येक नमस्कारात त्याला नको ऐकू येणार होतं. कोयत्यानं जे झालं नसतं ते एका आकड्यानं होणार होतं, आणि तो स्वतः हात पसरून आकडा मागत होता. अक्षयला फोन करून सांगता आलं असतं, की माझा व्हय मी फेडला. शंकरनं तोंड उघडलंसुद्धा. मग त्याची नजर खाली काचेवर गेली, फाइलवरच्या गुरुप्रसादाच्या पासपोर्ट फोटोवर. त्या फोटोत गुरुप्रसाद फार तरुण होता आणि कॅमेऱ्याला घाबरलेला होता.

"सगळी माझी," शंकर म्हणाला.

"एकय दुसऱ्याची नाय?"

"एकय नाय. माणसा तुमका देव मानतत, दादा. माकाच तेचो जळफळाट होय."

दत्तप्रसादानं डोळे मिटले. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं आणि तोंडावर हळूहळू रंग आला. त्यानं त्या बाजूच्या फाइली उचलून कपाटात ठेवल्या. मग चहा मागवला, दोन कप, आणि शंकरला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीत तो पहिल्यांदा बसला.

"तुझ्यार तगयुब नाय घालनंय," चहाचा घोट घेऊन दत्तप्रसाद मोठ्या मनानं म्हणाला. "साधो कॅन्सल करतंय. दुसरीकडे खय व्हिसा गावलो तर येवक येयत तुका. तू माझो घात केलंस, पण मी तसो नाय."

आणि तो थांबला. तो वाट बघत होता. काय ऐकायची वाट बघतोय ते शंकरला कळलं. भावाला हद्दपार करणाऱ्या माणसाच्या समोर, त्याच्याच खुर्चीत, त्याचाच चहा पीत तो ते बोलला.

"उपकार झाले, दादा."

दत्तप्रसादानं समाधानानं मान हलवली, मागं टेकला, आणि शंकर चहा संपवतोय तोवरच त्याचा डोळा लागला.